जुने गोवे येथील सेंट पॉलच्या कमानीमागे खरोखर सेमिनरी (ख्रिस्ती धर्मगुरू घडवणारी शाळा) होती का, आणि भारतातले पहिले छापखाने तिथेच सुरू झाले का?

होय, ही कमान म्हणजे 1541 मध्ये ‘सांता फे’, म्हणजे पवित्र श्रद्धा, या नावाने स्थापन झालेल्या आणि पुढे येशूसंघीयांच्या (जेझुइट धर्मगुरूंच्या) ताब्यात येऊन सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलेल्या सेमिनरीचे शिल्लक उरलेले प्रवेशद्वार असून, 1556 मध्ये आलेले भारतातील पहिले मुद्रणयंत्र याच संस्थेत बसवण्यात आले. रोगराईमुळे येशूसंघीयांनी ही जागा सोडली आणि 1832 मध्ये इमारत पाडून तिचे सामान पणजीतील बांधकामांसाठी नेण्यात आले. म्हणूनच एवढ्या मोठ्या विद्यापीठसदृश संस्थेच्या आवारात आज जांभ्या दगडाची एक कमान, तिच्या बाजूचे काळ्या दगडाचे खांब आणि माथ्यावरचा क्रूस एवढेच दिसते, ही गोव्याच्या शैक्षणिक इतिहासाची मोठी हानी आहे. मात्र मराठी वाचकांनी एक फरक ध्यानात ठेवावा: येशूसंघीय फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य 1616 मध्ये छापले गेले ते येथे नव्हे, तर गोव्यातीलच साष्टी तालुक्यातील राशोल येथे, आणि तेथील सेमिनरी आजही चालू आहे.