मॅग्नेशियम आणि मनसरचे मँगनीज

प्रश्न : मनसरच्या खाणीतून निघते तेच मॅग्नेशियम का? उद्योगांसाठी ते कसे मिळवतात?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. मनसर, कांद्री येथे निघते ते मँगनीजचे खनिज असून ते प्रामुख्याने पोलादासाठी लागते; नावांतील साम्यामुळे हा गोंधळ आपल्याकडे वारंवार होतो आणि तो दूर व्हायलाच हवा. मॅग्नेशियम मुख्यतः डोलोमाइट व मॅग्नेसाइट ही खनिजे आणि समुद्राचे पाणी यांतून मिळते. शुद्ध डोलोमाइटमध्ये त्याचे प्रमाण वजनाने सुमारे १३ टक्के असते.

चीन आज जगात सर्वाधिक मॅग्नेशियम तयार करतो, आणि तेथे मुख्यतः पिजन पद्धत वापरली जाते. तीत डोलोमाइट भाजून त्यातील कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात, उरलेल्या भुकटीत फेरोसिलिकॉन (लोह व सिलिकॉन यांचा मिश्रधातू) मिसळून तिच्या गोळ्या करतात आणि त्या पोलादी नळ्यांत, निर्वात स्थितीत, सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. खरी खुबी निर्वातातच आहे. एरवी सिलिकॉनला मॅग्नेशियमपासून ऑक्सिजन हिरावून घेणे जड जाते. परंतु सुटलेली मॅग्नेशियमची वाफ तेथून सतत दूर होत राहिल्याने अभिक्रिया पुढे सरकते, आणि नळीच्या थंड टोकाशी त्या वाफेचे घन स्फटिक जमतात. शिवाय हवा नसल्याने हा ज्वालाग्राही धातू पेट घेत नाही.

दुसरी पद्धत वितळलेल्या निर्जल मॅग्नेशियम क्लोराइडच्या विद्युत अपघटनाची आहे. तीत क्षारातील पाणी पूर्णपणे घालवणे हेच सर्वांत कष्टाचे काम ठरते.