सापडलेल्या मुलाचा ताबा लगेच का मिळत नाही?

प्रश्न : घरातून निघून गेलेला माझा तेरा वर्षांचा भाचा कल्याण स्थानकावर रेल्वे पोलिसांना सापडला. तो बालगृहात आहे. बहिणीला ताबा का देत नाहीत?

उत्तर : बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार असे मूल प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते, आणि घरी मारहाण वा छळ होत नव्हता याची खात्री पटल्यावरच समिती त्याला पालकांच्या हवाली करते. हा उशीर आईला जाचक वाटणारच. तरी बहिणीने आधार कार्ड आणि मुलाचा शाळेचा दाखला घेऊन समितीपुढे जावे, आणि घरात पैशांची ओढाताण असेल तर बालसंगोपन योजनेविषयी (मुलाच्या संगोपनासाठी सरकारी आर्थिक मदत) तेथेच विचारावे. मुलगा घरी आल्यावर पहिल्याच रात्री "का गेलास?" अशी उलटतपासणी मात्र कृपया नको. समुपदेशकाची मदत घ्यावी.