किल्ली तुमच्याकडे असली तरी ते कुलूप उघडू नका

प्रश्न : मी सांगलीत घरांची अंतर्गत सजावट करते. डिप्लोमा केलाय, चार वर्षं स्वतंत्र काम करते, ऑफिस घरातच आहे. नवऱ्याच्या शाळेतल्या मित्राने आईवडिलांसाठी नदीच्या बाजूला तळमजल्यावर फ्लॅट घेतला. तो स्वतः पुण्याला असतो. कोटेशन 8,40,000 रुपयांचं होतं, ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्यावर ‘ओके, चालू करा’ असं उत्तर आलं. मध्येच देवघर आणि माळ्याचं 60,000 चं काम फोनवर वाढवलं. दिवाळीआधी काम झालं. एकूण 9 लाखांपैकी 6,35,000 मिळाले, 2,65,000 राहिले. त्यातला 75,000 चा, 12 नोव्हेंबर तारखेचा चेक त्यांनी दिलाय, पण ‘मी सांगेपर्यंत भरू नका’ म्हणाले. आता म्हणतात, करार कुठाय? तुम्ही आर्किटेक्ट नाही, 710 चा प्लाय सांगून हलका वापरला, मागच्या भिंतीच्या वॉर्डरोबचा सनमायका फुगला. माझे थ्रीडी व्ह्यू दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला देऊन उरलेली बेडरूमही करून घेतायत. मिस्त्रींचे 90,000 मी देणं आहे. फ्लॅट अजून रिकामा आहे आणि एक किल्ली माझ्याकडेच आहे. मिस्त्री म्हणतात, वहिनी, रात्रीत ट्रॉल्या आणि शटर काढून आणू. आणू का? नाव छापू नका.

उत्तर : ताई, नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमचं पत्र वाचताना माझा जीव तिथेच अडकला.

भिंतीला बसवलेली ट्रॉली आणि वॉर्डरोबला लावलेलं शटर बसवल्या क्षणी त्या घराचं झालं. पैसे राहिलेत म्हणून ते तुमचं राहत नाही. तुमच्याकडे मालकाविरुद्ध येणं राहतं, वस्तू राहत नाही. किल्ली तुम्हाला कामासाठी दिली होती, काम संपल्यावर रात्री सामान काढायला नाही. तसं केलंत तर भारतीय न्याय संहितेचं कलम 303 म्हणजे चोरी, 329 म्हणजे अनधिकृत प्रवेश आणि 324 म्हणजे नुकसान, ही तीनही कलमं तुमच्या नावाने लागू शकतात आणि मिस्त्रीही त्यात ओढले जातील. आज तुम्ही पैसे मागणाऱ्या आहात. त्या रात्रीनंतर तुम्ही जामीन मागणाऱ्या व्हाल. मग 2,65,000 सोडून द्या म्हणून समोरून निरोप येईल आणि तो तुम्हाला ऐकावा लागेल. अशा तडजोडी मी पाहिल्या आहेत. त्यात चूक कोणाची हे शेवटी कोणी विचारत नाही.

किल्ली परत करा, पण नुसती नेऊन देऊ नका. ‘किल्ली माझ्याकडे आहे, या आठवड्यात तुम्ही किंवा वडील साइटवर या, काम दाखवते आणि किल्ली देते’ असा मेसेज टाका. ते आले की त्यांच्यासमोर प्रत्येक खोलीचे फोटो आणि व्हिडिओ घ्या. आले नाहीत तर मी खाली सांगतोय त्या नोटिशीसोबत किल्ली पोचपावतीने पाठवू.

तुमच्या कुपवाडच्या कामाच्या शेडमध्ये न बसवलेली शटर किंवा इतर माल पडला असेल तर त्याची गोष्ट वेगळी. तो अजून तुमच्या ताब्यात आहे, पैसे येईपर्यंत तो रोखून धरता येतो. फक्त त्याची किंमत बिलातून बाजूला काढून दाखवा. माल आपल्याकडे ठेवून त्याचे पूर्ण पैसेही मागितले, तर कोर्टात ते आपल्याच अंगावर येईल.

आता चेक. तुमच्या सगळ्या प्रकरणात घड्याळ लावून बसायची गोष्ट हीच आहे. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. 12 नोव्हेंबरचा चेक म्हणजे फेब्रुवारीच्या 11 तारखेच्या पुढे तो कागदाचा तुकडा आहे. तुमचं पत्र माझ्या हातात 27 जानेवारीला आलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो बँकेत गेलाच पाहिजे. ‘उद्या चेक भरतेय’ एवढा मेसेज करा, पण उत्तराची वाट पाहू नका. ‘मी सांगेपर्यंत भरू नका’ ही त्यांची सोय आहे, तुमचं कर्तव्य नाही.

पैसे आले तर उत्तमच. चेक परत आला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138 लागतं, खात्यात पैसे नव्हते म्हणून परत आला तरी आणि त्यांनी बँकेला सांगून थांबवला तरी. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात आल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्यांना 15 दिवस, ते गेले की पुढच्या एका महिन्यात तक्रार. यातला एक टप्पा जरी चुकला तरी चांगली केस हातची जाते, म्हणून मेमो मिळाला त्याच दिवशी वकिलाकडे जा. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. केस चालू असताना चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा अधिकारही कोर्टाला आहे. ते पुण्यात असले तरी तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट ही तक्रार ऐकतं, म्हणजे तुम्हाला पुण्याच्या फेऱ्या नाहीत. चेक हा देणं फेडण्यासाठीच दिला, हे कायदा आधी गृहीत धरतो. तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं.

करार कुठाय, असं ते विचारतात. करार तुमच्या फोनमध्ये आहे. 1872 चा भारतीय करार कायदा करार कागदावरच असावा असं म्हणत नाही. प्रस्ताव, होकार आणि मोबदला असला की तोंडीही करार होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10 अ तर मेसेजवरून झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही असंच सांगतं. तुमचं कोटेशन, त्यांचं ‘ओके, चालू करा’, मग बँकेतून आलेले हप्ते. कोटेशन मान्य नव्हतं तर 6,35,000 कशाचे दिले? फोनवर वाढवलेल्या 60,000 बद्दल थोडं कष्टाने सिद्ध करावं लागेल. पण देवघर घरात उभं आहे, त्याचा फोटो त्यांनी घरच्यांना पाठवलेला असेल, आणि करार कायद्याचं कलम 70 म्हणतं की एखाद्याने फुकट करायच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर त्याने मोबदला द्यायला हवा.

तो फोन मात्र जपा. नवा घ्यायचा असेल तर आत्ता घेऊ नका, चॅट पुसू नका, दुरुस्तीला देऊ नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार चॅटची प्रिंट कोर्टात द्यायची तर सोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. नुसते स्क्रीनशॉट घेऊन आलेल्या अशिलांना मला परत पाठवावं लागतं, तेव्हा फार वाईट वाटतं.

तुम्ही आर्किटेक्ट नाही, या बोलण्याने तुम्ही खचलेल्या दिसता. खचू नका. 1972 चा वास्तुविशारद कायदा ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी जपतो. नोंदणी नसताना ती लावता येत नाही, पण 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की हा कायदा उपाधीवर बंधन घालतो, कामावर नाही. घराची अंतर्गत सजावट करायला कुठल्याही परवान्याची अट नाही. मात्र तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर, बोर्डवर किंवा इन्स्टाग्रामवर ‘इंटेरिअर आर्किटेक्ट’ असं कुठे लिहिलं असेल तर आजच काढा.

प्लायचा आरोप जास्त गंभीर आहे, कारण उद्या ते जिल्हा ग्राहक आयोगात गेले तर याच मुद्द्यावर जातील. सेवेतल्या त्रुटीची तक्रार त्यांना दोन वर्षांत करता येते. 710 म्हणजे ओलीत टिकणारा मरीन प्लाय, 303 म्हणजे सर्वसाधारण वापराचा. तुमच्या कोटेशनमध्ये 710 नेमका कुठे लिहिलाय, फक्त किचनला की सगळीकडे, ते शब्द नीट वाचा. दुकानाचं बिल काढा. शेडमध्ये कापून उरलेले तुकडे असतील, त्यावर शिक्का दिसतो, त्याचे फोटो घ्या आणि ते तुकडे जळणाला जाऊ देऊ नका. फुगलेल्या सनमायकाबद्दल तुम्ही पत्रात जाता जाता एक ओळ लिहिलीय की, ‘2019 च्या पुरात त्या बिल्डिंगच्या तळमजल्यात पाणी होतं, मागच्या भिंतीला आधी वॉटरप्रूफिंग करा असा व्हॉइस मेसेज मी टाकला होता.’ ताई, ती ओळ जाता जाता लिहायची नाही. तोच तुमचा बचाव आहे. कृष्णाकाठच्या भिंतीतली ओल लाकडाचं काम करणाऱ्याची चूक नसते, तुम्ही आधी सांगितलं असेल तर मुळीच नसते.

पण जे खरंच तुमचं आहे ते करून द्या. दोन बिजागऱ्या आणि एक चॅनेल अडकतंय असं तुम्हीच लिहिलंय. ते दुरुस्त करायला तयार आहे, अमुक दिवशी मिस्त्री पाठवते, असं लेखी कळवा. त्यांनी दार उघडलं नाही तरी तुमचा हात स्वच्छ राहतो.

एक गोष्ट तुम्ही मोकळेपणाने लिहिलीत, तिचं मला समाधान वाटलं, कारण बहुतेक जण ती लपवतात. कोटेशनच्या तळाला तुम्ही ‘जीएसटी 18 टक्के वेगळा’ लिहिलंय आणि तुमची नोंदणी नाही. नोंदणी नसताना जीएसटी घेता येत नाही. अजून एक रुपयाही घेतला नाहीये, ते बरं. नोटिशीत आणि बिलात ती ओळ येऊ देऊ नका. आणि आपली उलाढाल मोजताना फक्त स्वतःची फी मोजू नका. प्लाय, हार्डवेअर, मजुरी तुमच्या बिलातून जात असेल तर ती सगळी रक्कम उलाढालीत येते. सेवेसाठी आपल्या राज्यात जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख आहे. 9 लाखांची अशी तीन घरं झाली की ती ओलांडली जाते. हिशेब सीएकडे घेऊन जा.

राहिलेल्या पैशांसाठी वकिलामार्फत नोटीस द्या आणि त्यात ‘या तारखेपासून व्याज मागणार’ असं स्पष्ट लिहून घ्या. व्याजाचा दर आधी ठरलेला नसला तर 1978 च्या व्याज कायद्याप्रमाणे अशा लेखी मागणीच्या तारखेपासून कोर्ट व्याज देऊ शकतं. ही ओळ नसली तर तेवढे महिने फुकट जातात. काम सांगलीत झालं म्हणून दावा इथेच, सांगलीतल्या विजयनगरच्या कोर्टात दाखल करता येईल. काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. मित्र आहे, बघू पुढच्या दिवाळीला, असं करत ती संपते. पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्यावी असं कोणी सुचवेल. त्याने काही होणार नाही. ज्याने 6,35,000 दिले त्याचा हेतू पहिल्यापासून फसवायचा होता हे दाखवता येत नाही.

दाव्याआधी एक दार आहे. कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केलात तर दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. 1987 च्या कायद्याप्रमाणे महिलेला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तडजोड झाली की तो निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच, त्यावर अपील नाही. तुमच्या नवऱ्याची पंचवीस वर्षांची मैत्री यात आहे, म्हणून मी हा रस्ता आधी सुचवतोय. त्या मित्राला कोर्टाचं समन्स जाण्यापेक्षा लोकअदालतीची नोटीस गेलेली बरी.

थ्रीडी व्ह्यू आणि ड्रॉइंग तुमची आहेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आराखडा ही कलाकृती आहे आणि तुम्ही त्यांच्या पगारावर नव्हता, म्हणून मालकी तुमची. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. तरी यावर स्वतंत्र लढाई लावू नका. नोटिशीत एक परिच्छेद घाला आणि बेडरूमच्या डिझाइनची फी मागा.

पुढच्या कामाआधी दोन गोष्टी. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, मोफत आहे. थकलेल्या पैशांवर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागायचा हक्क 2006 च्या कायद्याने लहान उद्योगांना दिलाय. नोंदणी कामाआधीची असावी असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलंय, त्यामुळे या प्रकरणात तिचा भरवसा नको. शिवाय माल आणि मजुरीसकट एकत्र घेतलेलं काम त्या कायद्यात बसत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल सांगतात. म्हणून डिझाइनची फी एका बिलात आणि माल-मजुरी दुसऱ्या बिलात लावायची सवय लावा. आणि घरच्या ओळखीत कागद मागायला संकोच वाटतो, हे मला कळतं. आपल्याकडे पाहुण्याला ‘सही करा’ म्हणणं उद्धट वाटतं. मग सही मागू नका, कोटेशन पाठवून ‘हे सगळं मान्य असेल तर तसं लिहून पाठवा, मग मिस्त्री लावते’ म्हणा. टप्पे ठरवा आणि शेवटचा टप्पा 10 टक्क्यांवर ठेवा. या कामात तो तीस टक्क्यांच्या जवळ होता, तिथेच तुमचा हात दगडाखाली गेला.

मिस्त्रींच्या 90,000 बद्दल. त्यांना काम तुम्ही दिलंय, घरमालकाने नाही. ‘मला मिळाले की देते’ हे माणूस म्हणून सांगता येतं, कायद्यात ते उत्तर नाही. 75,000 सुटले तर त्यातले आधी मिस्त्रींना द्या, सगळे जमले नाहीत तर निम्मे द्या, बँकेतून द्या आणि कशाचे ते लिहा. कुठला प्लाय कुठे लागला, कोणी उभं राहून देवघर वाढवायला सांगितलं, कुठली भिंत तेव्हाच ओली होती, हे विजयनगरच्या कोर्टात उभं राहून सांगू शकेल असा तुमच्याकडे एकच माणूस आहे, आणि तो सध्या तुमच्या दारात पैशासाठी बसलाय.