काळ्या मातीत लावलेल्या इक्झोराची पानं पिवळी का पडतात?

कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. इक्झोराला आम्लधर्मी माती लागते. आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीत चुनखडी जास्त, त्यामुळे लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. बोरिंगच्या जड पाण्यानं त्रास वाढतो. म्हणूनच हिराकस (फेरस सल्फेट, लोह देणारा क्षार) नुसतं आळ्यात टाकून फारसा उपयोग होत नाही, तेही तिथंच अडकतं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून लगेच, संध्याकाळी पानांवर फवारा. १०-१२ दिवसांनी पुन्हा. आळ्यात चुलीची राख अजिबात नको! जुनीच पानं पिवळी पडत असतील, तर कुजलेलं शेणखत द्या. नवीन रोप सिमेंटच्या भिंतीलगत लावू नका, तिथंही चुना उतरतो.