‘आता तिचा काय उपयोग?’

मावशी, मी नाशिकला सिडकोत राहते. वय ४७, दोन मुलं, दोघंही कमावती. दीड वर्षापासून पाळीचं बिनसलंय. दोन-दोन महिने येत नाही, आली की दहा-बारा दिवस अंगावरून जातं, गाठी पडतात. सोनोग्राफीत गर्भपिशवीला तीन सेंटिमीटरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका, मुलं झालीत, आता तिचा काय उपयोग, पुढे कॅन्सरची भीती कशाला? ह्यांनी कंपनीतून व्हीआरएस घेतली आहे, मेडिक्लेम मार्चपर्यंतच. मोठ्या जाऊबाईंची पिशवीही काढलेली आहे. सासूबाई म्हणतात, चैत्रात सप्तशृंगी गडावर जायला मोकळी होशील. या चैत्रात मला गडाच्या पायऱ्या चढवल्या नाहीत, ट्रॉलीने गेले. सगळे म्हणाले, वय झालं. दिवाळीनंतरची तारीखही घेतलीय. ती ठरली तेव्हा मी आत चहा ठेवत होते. सगळे माझ्या भल्यासाठीच करतायत, पण रात्री रडू येतं. एका पिशवीत जीव अडकावा, एवढी मी वेडी आहे का?
– तुमची भाची, सिडको

अगं, वेडी कसली? बाहेर चौघं बसून तुझ्या पोटाची तारीख ठरवतात आणि तू आत त्यांच्यासाठी आलं ठेचतेस, यावर रडू नाही आलं तर कशावर यायचं? तुझा जीव पिशवीत अडकलेला आहे असं मला वाटत नाही. तुला कुणी विचारलं नाही, ते तुला लागलंय.

आधी गडाच्या पायऱ्यांचं बघू. सप्तशृंगीच्या पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत, दम कुणालाही लागेल. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी ट्रॉलीने जावं लागणं हे वय नव्हे. दीड वर्ष दर पाळीला दहा-बारा दिवस रक्त जातंय, त्यातून हे आलेलं असणार. तुझ्या पत्रात सोनोग्राफीचे सेंटिमीटर आहेत, मेडिक्लेमचा महिना आहे, पण हिमोग्लोबिनचा आकडा कुठेच नाही. कुणी तपासलंच नाही, की तुला सांगितलं नाही? उद्या सकाळी जाऊन ते करून घे. आमच्या घरातही असंच व्हायचं. बाई दमली की ‘आता वय झालं’, पुरुष दमला की लगेच ‘शुगर तपासून घ्या’.

आता हे का होतं, ते ऐक. चाळिशी ओलांडली की बीजकोश दमायला लागतात, एखाद्या महिन्यात बीज सुटतच नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार होत नाही आणि पिशवीचं आतलं अस्तर नुसतं साठत जातं. गंगापूर धरण भरेपर्यंत रामकुंडावर सगळं शांत असतं आणि दरवाजे उघडले की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं, तसंच हे. दोन महिने काही नाही आणि मग दहा दिवस पूर. कधी यामागे थायरॉइड असतो, कधी ती गाठ. तीन सेंटिमीटर म्हणजे एक मोठं द्राक्ष. ते पिशवीच्या पोकळीत घुसलंय, भिंतीत आहे की बाहेरच्या अंगाला, यावर बरंच अवलंबून असतं. रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं असतं, विचारून घे. अशी गाठ कॅन्सरची होणं अतिशय दुर्मिळ आहे, आणि पाळी गेली की बहुतेक गाठी आपोआप आक्रसतात.

म्हणजे कॅन्सरची काळजी सोडून द्यायची असं नाही. पंचेचाळिशीनंतर पाळी अशी बिघडली तर अस्तराचा तुकडा घेऊन तपासायलाच हवा. पिशवीच्या तोंडाची वेगळी तपासणी असते, पॅप किंवा एचपीव्ही. या दोन्ही न करता ‘पुढे कॅन्सर होईल’ म्हणून तारीख देणं मला मान्य नाही. बायोप्सीत काही वावगं निघालं, तर मात्र मीच तुला म्हणेन, मेडिक्लेम असो-नसो, धाव.

काही निघालं नाही, तर मधे बरेच रस्ते आहेत. पाळीच्या दिवसांतच घ्यायच्या, रक्त कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. हार्मोनच्या गोळ्या आहेत. हार्मोन असलेली तांबीही मिळते, ती बसवली की अस्तर पातळ राहतं आणि ती काही वर्षं चालते. तुझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं असलं तरी ती चालते, तिचं इथलं काम पाळणा लांबवण्याचं नाही. पहिले काही महिने थोडं थोडं डागाळतं, तेव्हा घाबरून काढून टाकू नकोस. तुझी पाळी तशीही काही वर्षांत जाणारच आहे, तोवर हा पूर अडवायचा. तुला यातलं काय चालेल ते तुझ्या तपासण्या बघून डॉक्टरच सांगतील, पण ‘दुसरं काही आहे का’ एवढा प्रश्न तू विचारलास का?

मी पिशवी काढण्याच्या विरोधात आहे असं समजू नकोस. माझी स्वतःची बावन्नाव्या वर्षी काढली. त्याआधी चव्वेचाळिसाव्या वर्षी एकांनी अगदी हेच ‘काय उपयोग’ ऐकवलं होतं, तेव्हा मी तिथून उठून आले. पुढची आठ वर्षं औषधांवर निभावली. मग गाठींचा घडच लागला आणि हिमोग्लोबिन सातवर आलं, तेव्हा मी होऊन तारीख घेतली. एक दिवसही पस्तावले नाही. पण सही माझी होती, आणि बीजकोश ठेवायचे हेही मी आधी बोलून ठेवलं होतं. तू हे विचारलंयस का? पाळी जाण्याआधी दोन्ही बीजकोश काढले तर म्हातारपण एका रात्रीत अंगावर येतं. घाम, झोप उडणं हे तर आहेच, पण हाडं आणि हृदय यांचीही राखण कमी होते. नुसती पिशवी काढली तरी पाळी जाण्याची लक्षणं थोडी लवकर येऊ शकतात. ‘काय उपयोग’ म्हणणाऱ्याला हा उपयोग सांग.

बीडच्या ऊसतोड बायकांचं आठवतं? २०१९ मध्ये विधिमंडळात तो विषय गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. फडावर खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीची कटकटच नको. त्यांनाही कॅन्सरचीच भीती घातली जायची. तुझ्या घरात मुकादम नाही, मेडिक्लेम आहे.

आता सही. पिशवी काढायला नवऱ्याची संमती लागते असा कोणताही कायदा नाही. दवाखाने नातेवाइकाची सही घेतात ती त्यांच्या सोयीसाठी, तुझी संमती तीच खरी. दिल्लीतल्या एका खटल्यात ४४ वर्षांची बाई तपासणीसाठी टेबलावर होती. ती भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेतली आणि पिशवी, बीजकोश सगळं काढलं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की जिवावर बेतलेलं नसेल तर आईची संमती चालत नाही, ती बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची चालत नाही, तिथे जाऊबाईंची कुठून चालणार? आणि विनाकारण पिशव्या काढण्याला आळा बसावा म्हणून केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत, असंही त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेताना अपराधी वाटून घेऊ नकोस. त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिलमध्येही स्त्रीरोग विभाग आहे, केसपेपर काढ आणि सोनोग्राफी घेऊन जा.

मेडिक्लेमचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. व्हीआरएसनंतर पैसा जपूनच खर्च करावा लागतो आणि तुझ्या मिस्टरांची धास्ती खोटी नाही. पण दिवाळी ते मार्च मधे चार महिने आहेत. तपासण्यांना पंधरा दिवस लागतील, औषधाला तीन महिने देऊन बघ. नाहीच भागलं, तर मार्चच्या आत ऑपरेशन होईल. हा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखव, कंपनीतल्या माणसाला कागदावरचं पटतं. तेव्हा हेही सांग की पोट उघडून ऑपरेशन झालं तर दीड महिना बादली, भरलेला कुकर, गव्हाची गोणी काही उचलायचं नाही. तो दीड महिना पोळ्या कोण लाटणार, हे त्या चहाच्या बैठकीत ठरलं होतं का?

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांच्या पिढीने चार दिवस बाहेर बसून काढले, त्यांना पाळी म्हणजे अडचणच वाटणार. गडावर त्यांच्यासोबत जा, पाळीतच जायचं की नाही ते तुझं तू ठरव. देवीही बाईच आहे, असं आपलं मला वाटतं.

दर तासाला पॅड बदलावं लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र कशाची वाट बघू नकोस, रात्र असली तरी निघ. पुढे पाळी पूर्ण वर्षभर गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तसंच.

दवाखान्यात फोन तूच कर. सांग, तारीख पुढे ढकला, माझ्या तपासण्या राहिल्यात. एवढंच वाक्य. आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे. रिपोर्ट आले की आकडा मला कळव.