पोट सुटलंय की कंबर झुकलीय?

बैठ्या कामामुळे होणाऱ्या कंबरदुखीविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या निम्म्या पत्रांत एकच शब्द होता, ‘अँटिरिअर पेल्व्हिक टिल्ट’, म्हणजे पेल्व्हिस (कमरेखालचा हाडांचा कटोरा) पुढे झुकणं. त्यातल्या पाच जणांना ही उत्तरं.

वय २९, वजन ६२ किलो, उंची ५ फूट ८ इंच. तरी शर्ट इन केला की पोट पुढे दिसतं. जिमच्या ट्रेनरने बाजूने फोटो काढला, त्यावर रेघा मारल्या आणि ‘पेल्व्हिस झुकलंय’ असं सांगितलं. दुखत काहीच नाही. खात्री कशी करू? — हिंजवडी

पेल्व्हिस म्हणजे पाण्याने भरलेली बादली समजा. बादली पुढे कलली की पाणी पुढून सांडतं. पेल्व्हिसही तसंच कललं की कमरेचा खोलगटपणा वाढतो, पोट पुढे येतं, नितंब मागे जातात. त्यासाठी एक ग्रॅमही चरबी वाढावी लागत नाही. बाजूने बघा, पट्ट्याचं बक्कल मागच्या लुपीपेक्षा बरंच खाली आलेलं दिसेल.

पण थोडं झुकलेलं असणं हीच बहुतेकांची ठेवण आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहीही दुखत नसलेल्या १२० जणांचं पेल्व्हिस मोजलं होतं. त्यातल्या ८५ टक्के पुरुषांचं आणि ७५ टक्के स्त्रियांचं पुढेच कललेलं निघालं. त्याआधी २००८ मध्ये मृतदेहांतली ३० पेल्व्हिस एकाच स्थितीत बसवून मोजली, तर पुढचं आणि मागचं टोक जोडणाऱ्या रेषेचा कोन कुणाचा शून्य, तर कुणाचा २३ अंश भरला. हाडाचा घाटच माणसागणिक वेगळा. फोटोवरच्या रेघेला तुमचा स्नायू आखडलाय की हाडच तसं आहे, हे कळत नाही. मी स्वतः अशा रेघा मारणं कधीच सोडलं.

मी बघते ते पेल्व्हिस हलतं का. पाठीवर झोपा, गुडघे उभे ठेवा, कमरेखाली पातळ पंचा घाला. श्वास सोडत कमरेने तो दाबा, मग सैल सोडा. दोन्ही सहज जमलं तर निम्मी काळजी मिटली. मग पलंगाच्या अगदी कडेला बसून मागे आडवे व्हा, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरा, दुसरा पाय कडेवरून लोंबू द्या. घरातल्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. लोंबती मांडी गादीला टेकली नाही, तर जांघेतला स्नायू आखडलेला. मांडी टेकली पण गुडघा सरळ होऊ लागला, तर मांडीचा पुढचा स्नायू. या चाचणीला थॉमस टेस्ट म्हणतात. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलमध्ये हाडं बसवणाऱ्या ह्यू ओवेन थॉमस या सर्जनची ती देणगी. पुढे त्यात फेरफार झाले, पलंगाच्या कडेवरून पाय लोंबवणं हा त्यातलाच एक.

दोन्ही चाचण्या ठीक असतील आणि दुखत नसेल, तर फोटो डिलीट करा.

सहा महिने रोज मांडीच्या मागच्या शिरा ताणतोय. तरी वाकल्यावर बोटं जमिनीला लागत नाहीत. मागून सतत ओढल्यासारखं वाटतं. कंबरही ठणकते. — नाशिक

त्या शिरा नाहीत, हॅमस्ट्रिंगचे स्नायू आहेत. ते आपण ज्यावर बसतो त्या हाडापासून निघतात. पेल्व्हिस पुढे कललं की ते हाड मागून वर जातं आणि हॅमस्ट्रिंग आधीच ताणली जाते. म्हणजे तुम्ही ताणलेली दोरी आणखी ओढताय. ओढ जाणवते म्हणून स्नायू आखूडच असेल असं नाही. आधी वरची थॉमस टेस्ट करा. मांडी वरच राहिली तर महिनाभर हॅमस्ट्रिंगला विसरा आणि पुढची बाजू मोकळी करा.

उजवा गुडघा उशीवर टेका, डावं पाऊल पुढे. इथे दहातले आठ जण चुकतात: पोट पुढे ढकलून कंबर आणखी खोल करतात आणि मस्त ताण बसला म्हणतात. तो ताण कमरेला बसतो. आधी उजवा नितंब आवळा आणि माकडहाड खाली, आत घ्या. जेमतेम एवढ्यानेच जांघेत ओढ लागली पाहिजे. मग फार तर तीन-चार बोटं पुढे सरका. ३० सेकंद, दोन्ही बाजूंना तीन-तीन वेळा.

लगेच उताणे झोपून नितंब उचला, योगवर्गात शिकवतात ते सेतुबंधासनच. दहा वेळा, दोन फेऱ्या. वर गेल्यावर मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा नितंबांच्या जवळ घ्या. काम नितंबांनी करायचंय. पुढून जांघ आणि मागून कंबर आवळलेली, पोट आणि नितंब मात्र ढिले, अशी फुलीसारखी जोडी चेक डॉक्टर व्लादिमीर यांदा यांनी मांडली होती. ती सगळ्यांना लागू पडत नाही, पण दिवसाचे नऊ तास खुर्चीत असणाऱ्यांत बरीच दिसते. फरक सहा-आठ आठवड्यांनी बघा, रोज आरशात नको.

मुलगी तीन वर्षांची. पोट पुढे काढून उभी राहते. सासूबाई म्हणतात, कमरेला काळा दोरा घट्ट बांध. — सांगली

दोरा हौसेने बांधा, सैलच. या वयात पोटाचे स्नायू कच्चे असतात आणि कंबर खोल दिसते. शाळेच्या वयात बहुतेकांचं आपोआप सुधारतं. व्यायाम नको. मात्र ती बदकासारखी डुलत चालत असेल, लंगडत असेल किंवा चवड्यांवरच चालत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडून खुबे तपासून घ्या. दोन्ही खुबे जन्मापासून सरकलेले असले तरी कंबर अशीच दिसते.

वय ५१. वीस वर्षं सूर्यनमस्कार घालतो, रोज २५. हल्ली भुजंगासनात कंबरेत चमक येते. बंद करू का? — पर्वरी, गोवा

बंद कशाला? अश्वसंचलनासन जांघेसाठी उत्तमच आहे. अडचण मागे वाकण्यात आहे. हात वर घेऊन वाकताना आणि भुजंगासनात सगळा बाक कमरेच्या एकाच सांध्यात येतो, छाती हलतच नाही. काही दिवस १२ घाला, भुजंगासनात कोपरं वाकलेली ठेवून छाती थोडीच उचला आणि मागे वाकण्याआधी नितंब आवळा. तरी चमक राहिली किंवा कळ गुडघ्याखाली उतरली, तर तपासून घ्या. बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा, फिजिओथेरपिस्टच्या वेळेची वाट बघू नका.

कमरेचा पट्टा लावून पेल्व्हिस जागेवर येतं का? आणि दिवसभर माकडहाड आत ओढून चाललं तर? — डोंबिवली

पट्ट्याने येत नाही. दुखणं जोरात असेल तेव्हा चार दिवस आधार म्हणून ठीक. आणि दिवसभर ओढून चालू नका हो, कंबर आणखी ताठेल. लोकलमध्ये उभ्या असाल तर गुडघे किंचित सैल सोडा, दर दोन स्टेशनांनी वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्या. कळव्यापर्यंत विसरलात तरी चालेल.