चाळिशीनंतर बॅडमिंटन खेळताना टाचेमागची शीर दुखते, खेळ थांबवू का?

तुम्ही लिहिलंय: वय 43, साताऱ्यात आठवड्यातून पाच संध्याकाळी डबल्स, रविवारी अजिंक्यतारा किल्ल्याची चढण, आणि तीन आठवडे झाले, सकाळी पहिली पावलं टाकताना डाव्या टाचेच्या मागे, जरा वर दुखतं. शिवाय कोपरही ठणकतो.

खेळ पूर्ण थांबवू नका. पण दोन-तीन आठवडे मागे उडी मारून स्मॅश नको, किल्ल्याची चढण नको, आणि खेळ एक दिवसाआड ठेवा. पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी अकिलीस ही जाड शीर (टेंडन, रक्तवाहिनी नव्हे) आहे. कोर्टात मागे जाऊन लगेच पुढे झेपावताना ती ताणलेली असतानाच तिच्यावर सगळा जोर येतो, आणि चढावरही ताण तिच्यावरच. स्नायूपेक्षा ती फार सावकाश भरून येते. तुमच्या वेळापत्रकात तिला आठवड्यात एकच सुट्टी आहे.

खरा उपाय व्यायामाचा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवा, कठडा धरा. दोन्ही पायांवर वर उठा, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन तीन आकडे मोजत टाच पायरीखाली सोडा. वर येताना पुन्हा दोन्ही पाय. असं 15 वेळा, तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून. तेवढंच गुडघा किंचित वाकवून. सकाळ-संध्याकाळ, 12 आठवडे. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर फेऱ्या कमी करा. दुखणं अगदी हाडाला चिकटून असेल, तर पायरी नको, सपाट जमिनीवरच टाचा उचला. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून सोडतात आणि तिथेच घात होतो. कृपया सोडू नका.

त्या शिरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका, ती तुटण्याचा धोका वाढतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन ही अँटिबायोटिक सुरू असेल तर डॉक्टरांना हे दुखणं आवर्जून सांगा. या औषधांनीही शिरा कमकुवत होऊ शकतात.

धावण्याचे बूट घालून खेळत असाल तर आजच बदला. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, आडवं जाताना घोटा मुरगळतो. गम सोलचे कोर्टचे बूट घ्या. आणि चौथा गडी कमी आहे म्हणून हाक आली तरी थेट कोर्टात उतरू नका: दहा मिनिटं जागेवर जॉगिंग, टाचा उचलणं, लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं), मग हलक्या रॅली.

कोपरासाठी: रॅकेटच्या तारेचा ताण 20-22 पौंडांवर आणा, ग्रिप सैल धरा, फक्त फटक्याच्या क्षणी आवळा. बॅकहँड मनगटाच्या झटक्याने मारायचं तूर्त टाळा.

एक गोष्ट मात्र घरच्यांनाही सांगून ठेवा. खेळताना पोटरीखाली कुणी मागून रॅकेट मारल्यासारखं वाटलं, ‘टक्’ असा आवाज आला आणि मागे कुणीच नसेल, तर शीर तुटली असं धरून चाला. लंगडत चालता येतं, म्हणून लोक मुरगळलं समजून तेल चोळत बसतात. पालथं झोपून पाऊल पलंगाबाहेर ठेवा आणि कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं नाही तर त्या पायावर भार न टाकता हाडांच्या डॉक्टरांकडे जा, त्याच दिवशी. उशीर झाला की तुटलेली टोकं लांब सरकतात आणि उपचार अवघड होतो.